आधी मिरकरवाडा

आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, रत्नागिरीत कुठेही जायचं असलं, तरी ते आधी मिरकरवाड्याला जात. बँक वर, दवाखाना वर, त्यांची थोरली बहीण मारुती मंदिराच्या पलीकडे म्हणजे आणखीच वर. आणि मिरकरवाडा खाली, अगदी उलट्या दिशेला. तरी गाडी फाटकातून निघाली की समुद्राकडे वळायची, सपाट रस्त्याने बंदरात शिरायची, बर्फाच्या गाड्या आणि जाळ्यांचे ढीग चुकवत धक्क्याच्या टोकाशी वळसा घ्यायची, आणि परत आमच्याच घरावरून जाऊन चढाला लागायची. तोवर काकू तुळशीला पाणी घालून आत गेलेल्या असत.

बंदरावर त्यांचं कोणी नव्हतं. मासे तर घरात नावालाही चालत नसत. चातुर्मासात कांदासुद्धा बंद. ते तिथे जायचे ते इंजिनातलं तेल तापवायला.

घर चढाच्या तोंडाशी होतं, सगळा घोटाळा त्यामुळे. फाटकातून वरच्या अंगाला वळलं की गाडी लगेच चढावर, आणि गार इंजिन चढावर घालणं हे काकांच्या मते पाप होतं. पाप हा शब्द माझा. ते ‘गैर’ म्हणायचे, पण ज्या आवाजात म्हणायचे त्यात पाप बसायचं.

कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना रोज छेडायचा. इथे माणूस घामाने निथळतोय आणि तुमची गाडी गारठली कशी, असं विचारायचा. काका गाडी थांबवून, काच खाली करून, त्याला शांतपणे समजावायचे की आपल्याला घाम फुटतो तेव्हाही लोखंडाच्या हिशेबात गारच असतं. आपला मे म्हणजे त्याचा माघ. तेल गार असलं की जड असतं, अंगात नीट खेळत नाही. त्यात ही नवी गाडी, टर्बोची. निघालेल्या धुराच्या जोरावर एक चक्री भिंगरीसारखी फिरते आणि इंजिनात हवा कोंबते. तिला तेल पोचायच्या आधी पाय दाबला, तर ती कोरडी झिजते.

“मग उभी करून तापवा ना,” पानवाला म्हणायचा. “माझा भाऊ तसंच करतो. घर्र घर्र करतो आणि निघतो.”

यावर मात्र काकांचा संयम सुटायचा. उभ्या गाडीला तापवणं ही जुन्या गाड्यांची रीत. नव्या गाडीला ती नको. सुरू करायची, दोन श्वास घ्यायचे आणि हळू निघायचं. चालता चालताच ती तापते. नुसती घरघरवली तर पेट्रोल जळतं, शेजाऱ्याच्या घरात धूर जातो आणि तेल होतं तिथेच राहतं. बरं, पुढचा निळा दिवा विझला म्हणून फसायचं नाही. तो इंजिनातल्या पाण्याचा दिवा. “पाणी आधी तापतं,” ते म्हणायचे, “तेल मागून येतं.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मला झोपेतही म्हणता येईल.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि वरच्या बाजूच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. लग्नपत्रिका, देवळाच्या पावत्या, आणि उरल्या वेळात आमच्या संघटनेची पत्रकं. माझे वडील मुंबईत कारखान्यात युनियनचं काम करायचे; गावी येताना खाऊ कमी आणि पत्रकं जास्त आणायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात, अन्याय करणारी आणि तो सोसणारी, असं मला फार लवकर कळलं होतं. काका यातल्या कुठल्या खणात बसतात, ते मात्र मला ठरवता येत नव्हतं.

काकांची पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अर्ध्या तालुक्याच्या मुली त्यांच्याकडे शिकून नोकरीला लागल्या. वर्गात आल्या आल्या यंत्राला हात लावायची परवानगी नसे. आधी बोटं चोळायची, मनगटं सैल करायची, मग ‘गमभन’ संथपणे, आणि त्यानंतर वेग. पुढे संगणक आले, इन्स्टिट्यूट बंद झाली, पण सवय माणसात राहिली. बोलायच्या आधी ते दोनदा खाकरायचे. रागावायचं असलं तर आधी चहा मागायचे, आणि चहा संपेपर्यंत निम्म्या वेळा राग निघून गेलेला असायचा. काकू म्हणायच्या, “लग्न ठरवायला आले तेव्हा पोहे खाऊन होईपर्यंत हे हवामानावर बोलत होते. माझ्या बाबांना वाटलं, वेधशाळेत आहेत.”

माझी पत्रकं ते वाचायचे. कागद लांब धरून, ओठ हलवत. नळाला पाणी नाही आणि टँकर मात्र ठरावीक इमारतींनाच, यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. ते वाचून झाल्यावर त्यांनी दोनदा खाकरून विचारलं, की पहिल्याच शब्दाला धिक्कार कशाला? वाचणारा अजून दात घासत असेल.

मी म्हटलं, ज्याच्या नळाला पाणी नाही तो दात कसे घासेल? ज्याचा घसा कोरडा आहे त्याने किती वेळ थांबायचं?

“थांब कोण म्हणतंय गो? निघायचं लगेच. दाबायचं मागाहून.”

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. काही गोष्टी अशा असतात की तिथे पहिल्या शब्दापासून दाबावंच लागतं, आणि ‘हळू’ हा सल्ला नेहमी ज्याला घाई नाही तोच देतो. पण एवढं खरं की काकांचा सल्ला दुसऱ्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक असा नव्हता. ते स्वतः रोज उलट्या दिशेला जाऊन येत होते.

आमचं भांडण झालं ते मावशीवरून.

मावशी म्हणजे बंदरावरची एक खारवीण, सगळ्यांचीच मावशी. पहाटेच्या लिलावात मासळी घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन वरच्या वस्तीत दारोदार विकायची. गुडघे कधीच गेलेले. रिक्षावाले तिला घेत नसत. पाणी ठिबकतं, वास बसतो, पुढचं भाडं मिळत नाही. टेम्पो यायचा तो उशिरा, आणि त्याची वाट पाहिली की वरची गिऱ्हाइकं दुसऱ्या बायका घेऊन जायच्या. म्हणून बऱ्याचदा ती चढ पायीच चढायची, मध्ये एका कुंपणाच्या गडग्यावर पाटी टेकवून थांबत. मी काकांबरोबर गाडीतून छापखान्यात जायचे तेव्हा आम्ही तिला पाहायचो. कधी धक्क्यावर, पाटी भरताना. आम्हाला निघायला उशीर झाला तर चढावर, गडग्याजवळ. आमची गाडी मागून रिकामी वर जायची.

एके दिवशी मी विचारलं की आपण रोज तिच्या शेजारून वळतो, तर तिला का घेत नाही?

काका खाकरले. म्हणाले, सीटला वास बसला की जात नाही.

मी म्हटलं, “वास मासळीचा लागतो काका, की माणसाचा?”

त्यांनी छापखान्यापाशी मला उतरवलं, नेहमीप्रमाणे चढ चढून आलेल्या इंजिनाला थोडा दम खाऊ दिला, आणि गेले. नंतर काही दिवस आमचं बोलणं ‘नळ आला’ आणि ‘नळ गेला’ एवढ्यावर आलं. मी दुसरी खोली बघायला लागले होते. मग एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “तुझ्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण सीटला वास लागतो, हेही खोटं नाही.” आणि खाली गेले. असं उत्तर मला आजवर कोणी दिलं नव्हतं. आमच्या सभांत लोक एक तर कबूल करतात किंवा नाकारतात. मी खोली सोडली नाही.

त्यानंतर बंदरावर फाटक आलं.

धक्क्याचं काम निघालं होतं. क्रेन आली, दगडांचे डंपर आले, आणि रस्ता जिथे बंदरात शिरतो तिथे आडवा दांडा लागला. बाजूला फलक: मासळीच्या कामाशिवाय खासगी वाहनांना प्रवेश नाही. खुर्चीवर सोलापूरकडचा एक तरुण रखवालदार. त्याने पहिल्या दिवशी काकांना काम विचारलं. काका खोटं बोलत नसत. ते म्हणाले, तेल तापवायचंय. रखवालदाराने नम्रपणे सांगितलं की आजोबा, पेट्रोल पंप मागे राहिला.

फाटकापर्यंतचा रस्ता पुरेसा नव्हता. काकांनी तेवढ्यावरच दोनदा जाऊन येऊन पाहिलं. पण फाटकापाशी डंपरच्या रांगेत गाडी वळवताना आधी मागचे ओरडले, मग पुढचे. गल्लीत फेऱ्या मारून पाहिल्या. शेजारचे म्हणाले, काका काय हरवलंय? मग त्यांनी गाडीवर कापड घातलं.

हे ऐकायला गमतीचं वाटेल, पण वर त्यांची बहीण होती. ऐंशीच्या पुढची, एकटी, डोळ्यांनी अधू. काकूंनी केलेला डबा घेऊन काका रोज तिच्याकडे जायचे, तिला पेपर वाचून दाखवायचे आणि जेवताना समोर बसायचे, कारण समोर कोणी बसल्याशिवाय ती जेवत नसे. गाडीवर कापड पडलं त्या दिवशी ते रिक्षाने निघाले. रिक्षावाल्याने किक मारून पहिल्याच झटक्यात चढावर पूर्ण जोर लावला आणि काका डबा घेऊन निम्म्या चढावर उतरले. उरलेलं चालत गेले. घरी आले ते छातीला हात लावून. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना जाऊ दिलं नाही. डबा शेजारच्या मुलाबरोबर गेला आणि तसाच्या तसा परत आला.

मी त्यांना म्हटलं, एकदा गार चढवली तर काय होईल?

“काही होणार नाही.”

“मग?”

“तेच तर. इंजिन लगेच ओरडत नाही गो. ओरडलं असतं तर कोणी पाय दाबलाच नसता. ते मुकाट्याने झिजतं आणि वर्षांनी बोलतं, तेव्हा दाबणारा निराळाच कोणी असतो.”

माझ्या वडिलांच्या पत्रकांत कारखान्यातल्या माणसांबद्दल जे लिहिलेलं असायचं, ते नेमकं हेच होतं.

मी त्यांच्यासाठी पत्रक लिहायला घेतलं. सार्वजनिक रस्ता, नागरिकांचा हक्क, आडवा दांडा कोणाच्या परवानगीने. काकांनी ते वाचलंसुद्धा नाही. म्हणाले, फाटक बरोबर आहे. तिथे क्रेन फिरते, माणसं पोटासाठी राबतात. त्यात मी रिकामा माणूस कशाला? मला तिथे काम नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, ज्याच्या बाजूने लढायला निघावं आणि त्यानेच समोरच्याची बाजू घ्यावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या फाटकाशी थांबली. शाकाहारी घर म्हणून ती कधी थांबत नसे. पाटी गडग्यावर टेकवून तिने आत पाहिलं. काका पडवीत पेपर घेऊन बसले होते, काकू तांदूळ निवडत होत्या.

“आजारी हाव काय वो काका? धक्क्यावर दिसत नाय ता?”

काकांच्या आधी मीच जिन्यावरून सगळं सांगितलं. दांडा, फलक, तेल, बहीण. मावशीने पदराने मान पुसली.

“मग करा की मासळीचा काम,” ती म्हणाली. “माजी पाटी हाय. तिला वर जायचाच हाय.”

मी काकांकडे पाहिलं. ते दोनदा खाकरले. तिसऱ्यांदा खाकरले. मला वाटलं, आता ते चहा मागतील.

काकूंनी सुपातून मान वर केली नाही. “इंजिनाला सोवळं नसतं ना?” त्या म्हणाल्या. “मग डिकीला कसलं?”

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मीही. मी एवढी पत्रकं लिहिली, पण माझ्याकडून असं वाक्य कधी आलं नाही, आणि ज्या बाईकडून आलं तिने आयुष्यात मासळीला बोट लावलेलं नव्हतं.

“वन्सं समोर कोणी नसलं तर जेवत नाहीत,” काकू पुढे म्हणाल्या. “मी काय बोलायचं ते बोलले. मासळीला न्हाणीतला जुना टब घ्या, पण तो परत घरात आणायचा नाही. बाहेरच धुवायचा.”

दुसऱ्या दिवशी गाडीवरचं कापड निघालं. डिकीत जुनी ताडपत्री, तिच्यावर पेपर, त्यावर झाकणाचा टब. मी मागच्या सीटवर बसले. हे मी चुकवणार नव्हते. फाटकापाशी रखवालदार उठला. काका आंघोळ करून, गंध लावून आलेले. काच खाली झाली.

“काय काम आजोबा?”

“मासळी.”

तो गंधाकडे पाहत राहिला. “कुठली मासळी?”

काकांना एकाही माशाचं नाव घ्यायची सवय नव्हती. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “जी मावशीला मिळेल ती,” ते म्हणाले. दांडा वर गेला.

मावशी पुढे बसली. पाटीतली मासळी टबात गेली तरी रिकामी पाटी तिने मांडीवरच घेतली, सीटला लागू नये म्हणून. गाडी आमच्या घरावरून हळूहळू चढाकडे निघाली. मागून सायकलवाला पुढे गेला.

“असा चालवताव तर बांगडं परत जित्तं व्हतील,” मावशी म्हणाली.

काकांनी तिला तेल समजावलं. पाणी आधी, तेल मागून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिच्या घोवाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, होडीचं मशीनसुद्धा असंच होतं. घोव सकाळी आधी त्याला शिव्या घालायचा, मगच ते चालू व्हायचं. काकांना हे शास्त्र मान्य नव्हतं. चढ संपेपर्यंत दोघं त्यावर बोलत होती.

बहिणीच्या घरी त्या दिवशी मीही आत गेले. काका जवळ बसले तशी म्हातारीने नाक वर केलं आणि समुद्रावरून आलास होय रे, असं विचारलं. काकांनी हो म्हटलं. मग तिने डबा उघडायला सांगितला आणि वरणाला मीठ कमी आहे अशी काकूंची तक्रार करत पोटभर जेवली.

गाडीला वास लागला. सीटला नाही, पण डिकीला लागला तो लागलाच. बँकेत काकांच्या मागे उभा राहणारा एक जुना स्नेही तिथून सरकून उभा राहू लागला. वरच्या आळीतल्या कुणीतरी काकूंना देवळात विचारलं, की तुमच्याकडे आता कोळणी पुढच्या सीटवर बसतात म्हणे? काकूंनी सांगितलं की हो, मागे आमची भाडेकरीण बसते. मावशीचं मात्र बरं झालं. बाकी सगळ्या बायकांच्या आधी ती वर पोचायची. रोज तिघांची वरात निघायची, आणि काका तिला उशीर झाला की रागवायचे. तिच्यासाठी नाही, इंजिन गार होतं म्हणून.

माझ्या मनात मात्र हिशेब होता. हा माणूस मावशीला घेतो तो दांड्यासाठी. दांडा नसता तर ती अजून गडग्याशी थांबत चढ चढत असती. गरजेपोटी केलेल्या चांगल्या गोष्टीला मी चांगली म्हणत नव्हते.

मग धक्क्याचं काम झालं. क्रेन गेली, डंपर गेले, आणि एका सकाळी आम्ही बंदराशी आलो तर दांडा नव्हता. फलक उपटून भिंतीला टेकवलेला, रखवालदाराची खुर्ची रिकामी. काकांनी गाडी किंचित हळू केली, इकडेतिकडे पाहिलं, आणि आत घातली.

मावशी नेहमीच्या जागी नव्हती. ती बर्फाच्या गाडीच्या पलीकडे, टेम्पो उभा राहायचा तिथे जाऊन उभी होती, भरलेली पाटी पायाशी आणि तोंड दुसरीकडे. तिने आम्हाला पाहिलं होतं, हे मला कळत होतं. गाडी तिच्यासमोरून पुढे गेली. टोकाशी वळसा घेतला. मी काही बोलायचं नाही असं ठरवून खिडकीबाहेर बघत होते.

काकांनी गाडी टेम्पोच्या जागेवर, अगदी तिच्यासमोर आणून उभी केली. उतरले. डिकी उघडली आणि टबाचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

मावशी जागची हलली नाही. “दांडा काढलान वो काका,” ती म्हणाली. “आता तुमास्नी कोन इचारनार नाय.”

“पाहिलं मी.”

“मग?”

काका खाकरले नाहीत.

“चढ आहे की अजून,” ते म्हणाले, आणि पाटीचा एक कान धरायला वाकले.

मावशीने दुसरा धरला.